तारवाला, केबलवाला, इंटरनेटवाला: पायरसीच्या भांडणात आपली नोंद कोणाकडे गेली?

दहा-बारा वर्षांपूर्वी आखाडा बाळापूरच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर एक कागद हमखास चिकटवलेला असायचा, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. आत एक जुना संगणक, त्यात ‘मराठी’, ‘हिंदी’, ‘साउथ’, ‘भीमगीते’, ‘भजन’ अशा नावांचे फोल्डर. कळमनुरीच्या बाजूने, वारंगा फाट्याच्या बाजूने आलेली माणसं बाजारहाट करता करता कार्ड दुकानात टाकून जायची आणि परतताना भरलेलं कार्ड घेऊन एसटीत बसायची. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत नेटवर आली. तिथून ती अशाच दुकानांमधून गावोगाव गेली. निर्मात्यांनी पोलिसांकडे तक्रार केली, तरी प्रत फिरायची ती फिरलीच. गंमत म्हणजे त्याच ‘सैराट’ने थिएटरमध्येही मराठी सिनेमाच्या कमाईचे सगळे जुने आकडे मोडले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दुकानाकडे कसं बघायचं? पायरसी चांगली की वाईट, हा प्रश्न चहाच्या टपरीवर ठीक आहे. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्या दुकानात कसलंही रजिस्टर नव्हतं. कोणी कोणता सिनेमा नेला, किती वाजता नेला, कोणाच्या कार्डात काय होतं, याची एक ओळही कुठे लिहिली गेली नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाचं नावसुद्धा माहीत नसायचं. आज तोच पोरगा तोच सिनेमा मोबाइलवर शोधतो तेव्हा तो नेटला कधी जोडला गेला, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वेळेला, हे सगळं एका कंपनीकडे नोंदलं जातं. काम तेच, पण आता त्याची नोंद होते. पायरसी वाढली की घटली यावर वाद घालता येईल. नोंद वाढली यावर वाद नाही.

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘विषय सुचतो, पण प्रश्न सुचत नाही, काय करावं?’ तर हा लेख एक नमुना म्हणून वाचा. विषय आहे इंटरनेट आणि पायरसी. प्रश्न असा: जो माणूस फक्त वाहून नेण्याचं काम करतो, तार नेणारा, केबल ओढणारा, इंटरनेट पुरवणारा, त्याला पहारेकरी कधी आणि कसं बनवलं गेलं? एकदा प्रश्न असा नेमका झाला की कागद आपोआप एका रांगेत येतात.

सुरुवात १८८५ पासून करावी लागते. त्या वर्षीचा भारतीय टेलिग्राफ कायदा. त्याच्या कलम ५ मध्ये सरकारला अधिकार दिला होता की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तर तार अडवता येईल, वाचता येईल. टपालासाठी असाच अधिकार १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात होता. म्हणजे वाहून नेणाऱ्याने स्वतः उघडून बघायचं नाही, पण सरकारने म्हटलं तर उघडून द्यायचं, ही घडी इंग्रजांच्या काळातच बसली. (आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथलं टपालखातं स्वतंत्र होतं. तो वेगळाच अभ्यास आहे, इथे त्यात शिरत नाही.) स्वातंत्र्यानंतर ही घडी मोडली नाही. टेलिग्राफचा टेलिफोन झाला, टेलिफोनचा इंटरनेट झाला, कायदा मात्र तोच राहिला. त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा यायला २०२३ साल उजाडलं.

या काळातला एक महाराष्ट्रातला खटला लक्षात ठेवा, कारण तो पुढे सारखा उद्धृत होतो: आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७२. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर. लाच मागितल्याच्या आरोपात त्यांचं टेलिफोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित करून पुरावा म्हणून मांडलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा मान्य केला. निर्दोष नागरिकाच्या टेलिफोनवरच्या बोलण्याला न्यायालय संरक्षण देईल, दोषी माणसाला ते संरक्षण मिळणार नाही, असा त्याचा आशय. वाचताना पटकन पटतं. पण थांबा. माणूस दोषी आहे की निर्दोष, हे तर ऐकून झाल्यावर कळणार ना! आधी ऐकायचं, मग ठरवायचं. ही अडचण पुढे इंटरनेटच्या काळात फार मोठी झाली. १९९६ मध्ये पीयूसीएलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगवर पहिल्यांदा नीट बंधनं घातली: आदेश कोणी द्यायचा, किती काळ चालवायचा, त्याचा आढावा कोणी घ्यायचा.

आता दुसरा धागा, केबलवाल्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो लिहिला तेव्हा पायरसी म्हणजे पुस्तकांची चोरटी छपाई आणि फार तर तबकड्या. १९८० च्या दशकात व्हीसीआर आला आणि गावोगाव व्हिडिओ पार्लर उघडली. म्हणून १९८४ मध्ये कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवल्या. आजही कलम ६३ मध्ये दिसणारी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ही चौकट त्याच दुरुस्तीतून आली. पुढे घरोघरी केबल आली. नवा सिनेमा शुक्रवारी लागला की रविवारी केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलवर, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

केबलवाले हजारो. कोणाकोणावर दावा लावणार? यावर २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून एक युक्ती आली. फुटबॉलच्या विश्वचषकाचं प्रक्षेपण ताज टेलिव्हिजनकडे होतं. त्यांनी माहीत असलेल्या केबलवाल्यांबरोबर माहीत नसलेल्यांविरुद्धही आदेश मागितला, आणि तो मिळाला. इंग्लंड-अमेरिकेत अशा अनोळखी प्रतिवादीला ‘जॉन डो’ म्हणतात. आपल्या न्यायालयांनी त्याला ‘अशोक कुमार’ असं नाव दिलं. म्हणून या आदेशांना वकील मंडळी आजही ‘अशोक कुमार आदेश’ म्हणतात. ज्याचा चेहरा नाही, ज्याला नोटीस गेलेली नाही, ज्याची बाजू कोणी मांडलेली नाही, अशा माणसाविरुद्धचा आदेश. १९७२ च्या प्रश्नाची ही दुसरी बाजू समजा.

महाराष्ट्राने याच काळात आणखी एक पाऊल टाकलं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करता यावं म्हणून १९८१ चा एक कायदा आहे. लोक त्याला एमपीडीए म्हणतात. २००९ मध्ये या यादीत ‘व्हिडिओ पायरेट’ हा शब्द घातला. पुढे काही वर्षांनी त्याच यादीत वाळूतस्कर आले. कयाधू आणि पैनगंगेच्या काठच्या माणसाला वाळूतस्कर म्हणजे कोण, हे समजावून सांगायची गरज नाही. पण नदी पोखरणारा आणि सिनेमाची सीडी विकणारा एकाच कायद्यात, एकाच वाक्यात, दोघांनाही १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येईल अशा तरतुदीखाली बसलेत, हे वाचून मी तरी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कायद्याचं लांबलचक नाव हाच इथे ऐतिहासिक कागद आहे. कोणत्या वर्षी राज्याला कशाची भीती वाटली, ते त्या नावात थरांसारखं साचलेलं दिसतं.

तिसरा धागा इंटरनेटचा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. त्या कंपन्यांच्या परवान्यातच अट होती की सरकारने सांगितलं तर अडवायचं आणि मागितलं तर नोंदी द्यायच्या. १८८५ ची घडी नव्या कपड्याला तशीच पडली.

अडवण्याचं काम कंपन्यांना धड जमत नव्हतं, हे लवकरच दिसलं. सप्टेंबर २००३ मध्ये सरकारने मेघालयातल्या फुटीर गटाशी संबंधित एक छोटा याहू ग्रुप बंद करायला सांगितलं. तो एकटा बंद करता येईना म्हणून कंपन्यांनी सगळे याहू ग्रुपच बंद करून टाकले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर मोजक्या पानांची यादी आली, आणि अख्खं ब्लॉगस्पॉट कित्येक दिवस उघडेना. एक उंदीर मारायला सांगितला तर कणगीच पेटवून द्यायची, असा तो कारभार.

पण या सगळ्या काळातली जी घटना मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला सांगतो, ती २००७ ची पुण्याची. ऑर्कुटवर कोणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. गूगलकडून त्या मजकुरामागचा आयपी पत्ता मिळाला. पत्ता एअरटेलचा होता. पोलिसांनी एअरटेलला विचारलं, हा पत्ता कोणाचा? कंपनीने बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याचं नाव आणि घरचा पत्ता दिला. ऑगस्टच्या शेवटी पोलीस त्याच्या दारात गेले आणि त्याला पुण्याला आणलं. तो सांगत राहिला की मी हे केलेलं नाही. त्याला येरवडा तुरुंगात ठेवलं. सुमारे ५० दिवस. नंतर उघड झालं की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, तो पत्ता त्या वेळेला त्याच्याकडे नव्हताच. पुढे राज्य मानवाधिकार आयोगाने कंपनीला २ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्या माणसाचं नाव बातम्यांमध्ये सगळीकडे आहे. मी इथे मुद्दाम लिहीत नाही, त्याचं नाव एकदा विनाकारण फिरलं तेवढं पुरे झालं.

ही घटना पायरसीची नाही, मग इथे का? कारण नोंद तीच आहे. पायरसीचा तपास असो, बदनामीचा असो की दहशतवादाचा, शेवटी सगळे एकाच वहीपाशी येऊन उभे राहतात. म्हणून ही वही काय असते ते नीट समजून घेऊ.

आयपी पत्ता हा घरनंबरासारखा कायमचा नसतो. एसटीच्या सीटसारखा असतो म्हणा. हिंगोलीहून निघालेल्या गाडीत १४ नंबरच्या सीटवर कळमनुरीपर्यंत एक माणूस, बाळापूरपर्यंत दुसरा आणि नांदेडपर्यंत तिसरा. ‘१४ नंबरवर कोण होतं?’ या प्रश्नाला ‘किती वाजता?’ हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही. आणि ती वेळसुद्धा कोणत्या घड्याळाची? परदेशी कंपनीची नोंद बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत असते, आपली त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. तेवढा फरक विसरला की सीटवर दुसराच माणूस बसलेला असतो. मोबाइलवर तर प्रकरण याहून अवघड. आयपी पत्त्यांची जुनी पद्धत जगाला पुरेना, म्हणून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे एकाच वेळी शेकडो फोन बसवतात. तिथे नुसता पत्ता आणि वेळ असून भागत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो. आणि एवढं सगळं बरोबर जुळलं तरी हाती काय लागतं? जोडणी कोणाच्या नावावर आहे ते. समजा, गावातल्या अभ्यासिकेचं वायफाय चाळीस पोरं वापरतात. जोडणी चालकाच्या नावावर. त्यातल्या एकाने रात्री सिनेमा उतरवला तर वहीत नाव चालकाचं.

संशोधनाची भाषा वापरायची तर नोंद हे साधन आहे आणि ‘अमुक माणसाने केलं’ हे अनुमान. साधन आणि अनुमान यांच्यामधली पायरी पुण्याच्या प्रकरणात कोणी चढलंच नाही, थेट उडी मारली. ताम्रपटावरची तिथी बघताना आपण शक कोणता, संवत्सर कोणतं, वार जुळतो का, हे तपासतो. आयपी नोंदीलाही तेच लागू आहे.

अमेरिकेत संगीत कंपन्यांनी हीच वही हाती धरून थेट गिऱ्हाइकांवर दावे लावले. २००३ पासून पाचेक वर्षांत सुमारे ३५ हजार लोकांना त्यात ओढलं, त्यात शाळकरी मुलं होती, आज्या होत्या. व्हेरायझन या कंपनीने न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय गिऱ्हाइकाचं नाव द्यायला नकार दिला आणि डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयात ती जिंकली. फ्रान्सने २००९ मध्ये तीन ताकिदींचा कायदा केला. आपल्याकडे सिनेकंपन्यांनी घरोघरच्या प्रेक्षकावर दावे लावले नाहीत. त्यांनी इंटरनेट कंपन्यांना प्रतिवादी केलं आणि म्हणाले, यांना वेबसाइट बंद करायला सांगा. यामुळे प्रेक्षक वाचला, असं वरवर दिसतं. पण त्याचं भांडण त्याच्या गैरहजेरीत, त्याच्या कंपनीच्या नावाने लढलं गेलं. आणि कंपनीला त्याच्यासाठी लढण्यात काय रस? आदेश आला, साइट बंद केली, विषय संपला.

जुलै २०११ मध्ये ‘सिंघम’साठी दिल्ली उच्च न्यायालयातून असा आदेश घेतला गेला आणि फाइल देवाणघेवाणीच्या अख्ख्या साइट काही कंपन्यांनी बंद केल्या. मार्च २०१२ मध्ये ‘३’ या तमिळ सिनेमासाठी मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश आला. त्यात व्हिमिओ, डेलीमोशन यांच्यासारख्या सरळमार्गी साइटही गेल्या. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की आम्ही ठरावीक पानं अडवायला सांगितली होती, सगळी साइट नव्हे.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाचे २०१६ चे आदेश वाचण्यासारखे आहेत. ‘ढिशूम’ सिनेमासाठी इरॉस कंपनी न्यायालयात आली, प्रतिवादी बीएसएनएल आणि इतर. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नुसत्या यादीवर आदेश द्यायला नकार दिला. प्रत्येक दुवा तपासा, कोणी तपासला ते सांगा, प्रतिज्ञापत्रावर सांगा, मग बोलू. कंपनीने तपासलेल्या शंभराहून अधिक दुव्यांची यादी आणली तेव्हा आदेश मिळाला. शिवाय साइट उघडणाऱ्याला कोऱ्या पानाऐवजी कारण दिसलं पाहिजे, कोणत्या कलमाखाली, कोणत्या दाव्यात, आणि तक्रार करायची तर कोणाकडे, हेही त्यांनी सांगितलं. अशोक कुमारला निदान एक दार ठेवलं.

पण त्या सूचनेचं पुढे जे झालं तो साधनचिकित्सेचा उत्तम धडा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये देशभर लोकांना बंद साइटवर एक इंग्रजी संदेश दिसू लागला. त्याचा अर्थ असा होता की या पत्त्यावरचा मजकूर पाहणं, उतरवणं, दाखवणं किंवा त्याची प्रत काढणं हा गुन्हा असून कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३, ६३ क, ६५ आणि ६५ क नुसार तीन वर्षं कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. झालं! ‘टोरंट साइट नुसती उघडली तरी तीन वर्षं आत’ अशा बातम्या फिरल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका.

आता तुम्ही कायदा उघडा. कलम ६३ मध्ये दंडाची वरची मर्यादा २ लाख. ६३ क म्हणजे दुसऱ्यांदा गुन्हा, तिथेही २ लाख. ६५ आणि ६५ क मध्ये दंड आहे, पण रक्कम लिहिलेलीच नाही. मग ३ लाख आले कुठून? त्या कलमांमध्ये तो आकडा नाही. आणि ‘पाहणं’? कलम ६३ कॉपीराइटचा भंग जाणूनबुजून करणाऱ्याला शिक्षा देतं, घरात बसून पाहणाऱ्याला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी न्यायमूर्ती पटेल यांनीच हे स्पष्ट केलं: गुन्हा पाहण्यात नाही, तर परवानगीशिवाय वाटप करणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं यात आहे. संदेश बदलायला सांगितलं. पण तोवर लाखो पडद्यांवर तो चुकीचा कायदा कायदा म्हणून वाचला गेला होता. म्हणून पाटीवर लिहिलेला कायदा आणि पुस्तकातला कायदा हे दोन वेगळे कागद धरा, दोन्ही जपून ठेवा.

(जाता जाता एक सांगतो, कारण प्रबंध टाइप करायची वेळ येणार आहे. सिनेमाचं वेगळं, सॉफ्टवेअरचं वेगळं. कलम ६३ ख नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून संगणकावर वापरणं हाच गुन्हा आहे.)

२०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. मला त्या शेजारी ठेवून वाचायला आवडतात. महिन्याच्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडीच हजारांहून जास्त साइट बंद करायला सांगितल्या. दोन हिंदी सिनेमांसाठी. त्या यादीत इंटरनेट आर्काइव्हही होतं! इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकं, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेले हजारो ग्रंथ आपण तिथूनच तर उतरवतो. बाळापूरहून पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात जायला गाडीभाडं आणि दोन-तीन दिवस लागतात. आर्काइव्ह बंद म्हणजे आपल्यासाठी ग्रंथालयाला कुलूप. आणि त्यातलं कितीतरी साहित्य कॉपीराइटमधून केव्हाच मोकळं झालेलं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची. ती उतरवणं यात चोरी काहीच नाही. पण साइटच बंद केली तर मोकळं आणि चोरीचं दोन्ही एकाच कुलपात.

आणि २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ चे विरोधी निकाल त्या मुद्द्यापुरते मोडीत काढले. याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला जबलपूरचा निकाल चूक ठरवला, ज्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. या निकालाचा परिणाम मुंबईतही दिसला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेचा प्रश्न नसताना केवळ गुन्ह्याच्या तपासासाठी ऐकता येणार नाही, असं म्हणाले. लाचेचंच प्रकरण, मुंबईचंच न्यायालय. मलकानीचा निकाल शेजारी ठेवून हा वाचा, ४७ वर्षांत काय बदललं ते कळेल.

मात्र वहीच्या बाबतीत उलटं झालं. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून नोंदी ठेवण्याची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं केली. एप्रिल २०२२ मध्ये सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता पाच वर्षं जपायला सांगितलं. काही परदेशी कंपन्यांनी त्यावर आपले सर्व्हरच भारतातून हलवले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मोकळीक आहे. शिवाय त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. वैयक्तिक माहिती जनहितासाठी देण्याची जी वाट त्या कलमातच होती, ती काढून टाकली. माहिती अधिकाराचे अर्ज करून प्रबंधाची साधनं गोळा करणाऱ्यांना हा बदल झोंबणार आहे.

आता एक तांत्रिक पेच, ज्यावर मला कोणी फार लिहिलेलं दिसत नाही, म्हणून माझं वाचन म्हणून मांडतो. २०१६ मध्ये पटेल साहेबांनी एकेक दुवा तपासून अडवायला लावला, ते तेव्हा शक्य होतं, कारण बऱ्याच साइट साध्या जोडणीवर चालायच्या आणि कंपनीला पूर्ण दुवा दिसायचा. आता बहुतेक साइट कूटबद्ध जोडणीवर आहेत. कंपनीला साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. तुमच्या खासगीपणासाठी हे चांगलंच. पण त्यामुळे एक पान अडवणं कंपनीच्या हातात राहिलं नाही, अडवायची तर सगळी साइट. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्हीच्या दाव्यात ‘मुळातच चोरट्या’ साइट पूर्ण अडवायला परवानगी दिली. त्यांची नवी नवी रूपं दर वेळी नवा दावा न लावता यादीत घालता येतील, अशी सोयही केली. म्हणजे आपल्याला झाकणाऱ्या चादरीनेच अडवणाऱ्याची कात्री बोथट केली, आणि बोथट कात्री जास्त कापते. २०१६ ची काळजीपूर्वक पद्धत न्यायालयाने नाकारली नाही, ती तंत्रज्ञानाखाली दबली, असं मला वाटतं.

हे सगळं आपल्या घरापर्यंत आलंय. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी सायहब आणि लिबजेनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये सायहब अडवायचा आदेश झाला. सरकारने दरम्यान ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, १ जानेवारी २०२५ पासून. सरकारी उच्च शिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना त्याचा खरोखर फायदा आहे. ज्याचा प्रवेश अजून झालेला नाही, जो गावातल्या अभ्यासिकेत बसून पेटचा अभ्यास करतोय, तो मात्र कोणत्याच संस्थेच्या खात्यात नाही. म्हणजे तुम्हीच. तुमच्यासाठी लेखकाला सरळ ईमेल करून प्रत मागणं, शोधगंगेवरचे प्रबंध आणि मुक्त नियतकालिकं हे तीन रस्ते उघडे आहेत. पहिला सगळ्यात कमी वापरला जातो आणि बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

ज्यांना यावर काम करायचंय त्यांच्यासाठी एक सोपी सुरुवात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाचे निकाल संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यात मराठवाड्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांनी एमपीडीएखाली काढलेल्या स्थानबद्धतेच्या आदेशांवरच्या याचिका शोधा. २००९ नंतरच्या एकेक निकालात माणूस कोणत्या वर्गात बसवलाय ते पाहा, हातभट्टीवाला, धोकादायक व्यक्ती, वाळूतस्कर की व्हिडिओ पायरेट. वर्षवार तक्ता करा. मग मोबाइलच्या दुकानांवरच्या कॉपीराइटच्या धाडी, ज्या कलम ६४ खाली वॉरंटशिवाय पडायच्या, त्यांच्या बातम्या नांदेड-हिंगोलीच्या दैनिकांच्या स्थानिक पानांवरून काढा आणि तक्त्याशेजारी लावा. जी दुकानं आता स्क्रीनगार्ड आणि रिचार्ज विकतात त्यांच्या मालकांशी बोला. मुलाखत ध्वनिमुद्रित करणार असाल तर आधी विचारा, नाव लिहायचं की नाही तेही विचारा, आणि फाइल कुठे ठेवणार ते त्यांना सांगा.